फळीवरची उसंत

तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये अशी गोष्ट आहे. पण काल नगरच्या कोर्टात जज्जसाहेबांनी माझ्या तालावर मान डोलावली. हे खोटं असेल, तर राधाकृष्णच्या या चहात साखर आहे असं मी मानेन.

"तात्या, चहाला नावं ठिवायची आसली तर ग्लास हिकडं द्या," राधाकृष्ण भट्टीमागून ओरडला.

आपल्या खर्डा गावात निकिताची भानगड सगळ्यांना ठाऊक आहे, पण भागवत आजच लेकीकडून परतलाय, त्याच्यासाठी सांगतो. पोरीनं कल्याणशेठची ऑर्केस्ट्रा पार्टी सोडली आणि एकटीच्या आवाजात अल्बम काढला. त्यातलं फळीचं गाणं असं गाजलं की त्याच्याशिवाय नवरीला हळद लागेना. मग कल्याण जागा झाला. म्हणाला, हे गाणं माझं, राहात्याच्या स्टुडिओत मी बांधलं. ठोकला दावा. गाणं मोबाईलवरून गायब. पोरीला स्टेजवर ते म्हणायची बंदी. ज्यांनी बोलावलं होतं ते म्हणाले, तेच गाणं नाही तर तू कशाला?

"आन् गानं हाय कुनाचं?" भागवतनं विचारलं.

विजयमालाचं. निकिताच्या आईचं. ती ऊसतोडीला जायची तेव्हा मी कारखान्याचा ट्रक चालवायचो. बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायच्या. फळी पायाखाली लवायची आणि ही म्हणायची,

चढ गं बाई फळीवरी, रान ऱ्हायलं खाली,
डोईवरली मोळी माझी...

इथं गप्प. फळी संपते तिथं दम धरून पाय टाकायचा असतो. गाईल ती पडेल. पाय टेकला की मग पुढचं, 'आभाळाला लागली'. ती उसंत निकितानं अल्बमात तशीच ठेवलीय. विजयमाला गायला लागली की माझ्या टायरात आपोआप हवा भरायची.

"पंपवाला उपाशी मेला आसंल मग," राधाकृष्ण म्हणाला.

हसा. पण वकीलबाई म्हणाल्या, आईची साक्ष घरची, बाहेरचा माणूस पाहिजे. टोळीतले बाकीचे सगळे कर्नाटकात तोडीवर. राहिलो मी एकटा. बाईंनी बजावलं, "तात्या, कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं. वर कणभर नको."

काल खळ लावलेली टोपी घातली आणि उभा राहिलो पिंजऱ्यात. कल्याणचा वकील तिरका. म्हणतो, "गावात तुम्हाला थापाड्या म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "गाव खोटं बोलतं, साहेब." सगळं कोर्ट हसलं. मग मी विचारलं, "कल्याणशेठ, गाणं तुमचं, तर मधेच गप का बसता?" तो म्हणाला, "तिथं म्युझिक भरायचं ऱ्हायलं." मी गीता बाजूला सारली, लिहिणाऱ्या बाईचं टेबल उचललं डोक्यावर, आणि पायऱ्या चढत गाणं म्हणून दाखवलं. उसंत आली तसा वरचा पंखा थांबला. पाय टेकला, पंखा सुरू! जज्जसाहेबांचे डोळे भरले. मी टोपी काढून त्यांना वारा घातला. म्हणाले, "गाणं विजयमालाबाईचं, पोरीला देऊन टाका." निकिता माझ्या पाया पडली, आणि...

भागवत हसेना. माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. राधाकृष्णनंही भट्टी बारीक केली. मी वळलो.

विजयमाला उभी होती. हातात माझी कापडी पिशवी.

"बोला की, तात्या. थांबलात का?"

"ये, बस," मी म्हटलं. "चहा सांगू?"

"खोटं हाय समदं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माझ्याच शेजारी बसला हुता तुमी येस्टीत. जामखेडला पान आनतो म्हनून उतरला, ते उतरलाच. गाडी सुटली. तिकडं साक्षीदाराचं नाव पुकारलं, पुन्यांदा पुकारलं. पोरगी कोर्टाच्या दारात रस्त्याकडं बघत उभी. साहेब म्हनले, मग गानं बंदच ऱ्हाईल."

माझ्या हातातला चहा गार झाला होता. "मला वाटलं," मी म्हटलं, "माझ्यावर कोण विश्वास..."

"खरं तेवढं सांगायचं हुतं, तात्या. त्ये फळीचं, उसंतीचं तर तुमी आत्ता हितं सांगितलंत की."

तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"टोपी ह्याच्यात हाय. घडीसुदीक मोडली न्हाई."