हुरड्याचं यंत्र आणि आडोशातली वैनी

मुलांनो, पेटंट म्हणजे काय ते आधी सांगतो. कुणी नवी युक्ती काढली, की तिच्यावर काही वर्षं त्याचा एकट्याचा हक्क राहतो. मात्र अर्ज करण्याआधी ती लोकांपुढे उघड झालेली नसावी.

सोलापुरात असे अर्ज लिहिणारे तेव्हा एकटे शिवयोगी वकील. शुक्रवार पेठेतल्या ईरप्पा सुताराने भाजलेल्या कणसातून हुरडा काढायचं यंत्र केलं आणि त्यांना गाठलं. अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत जायचा होता.

"यंत्र कुणाला दाखवलं नाहीस ना?"

"न्हाय साहेब. उद्या दाखवनार की. मेव्हण्याच्या मळ्यात सगळ्या पेठेला हुरड्याचं आवतण दिलंया."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "रद्द कर!"

"हुरड्याचं आवतण मागं घिऊ? पेठेत ऱ्हायचं हाय मला!"

यंत्र चालताना पाहिल्याशिवाय वकिलांनाही अर्ज लिहिता येईना, आणि कणसं तर चार दिवसांत निबर होणार. शेवटी तोड काढली ईरप्पाच्या बायकोने, सारजाबाईने.

दुसऱ्या दिवशी मळ्यात आगटी पेटली. शेजारी घोंगड्यांचा आडोसा केला होता. "आत बायका हुरडा चोळत्यात," सारजाबाई सगळ्यांना सांगत होती. भाजलेली कणसं आत जात, गरम हुरडा बाहेर येई. आत होता कणसं घालणारा ईरप्पा, आणि दांडा फिरवणारे वकील. सारजाबाईने त्यांच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या चढवल्या होत्या. दांडा फिरला की असा किणकिणाट होई, की यंत्राची घरघर ऐकूच येऊ नये.

पण कोंडीबा पेठेतला दुसरा सुतार. त्याला राहवेना.

"एवढा हुरडा, आन् हातानं? कोन वैनी हाय बघू तरी!"

घोंगडं हललं. कोंडीबाने आत पाहिलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

वकिलांनी बांगड्या खळाखळा वाजवल्या आणि बारीक आवाजात किंचाळले, "अगं बाई! गडीमाणूस!"

"लाज हाय का रं, कोंडीबा? बायकांच्यात शिरतुस?" सारजाबाई कडाडली. बाकीच्या बायकाही तुटून पडल्या.

"चुकलं, वैनी, चुकलं!" कोंडीबा कान धरून मागे सरला. बायकांनी त्याला आगटीपाशी कणसं भाजायला बसवलं.

अर्ज त्याच आठवड्यात गेला. यंत्र कुणीही पाहिलेलं नाही, असं वकिलांनी छातीठोकपणे लिहिलं. पेठेत मात्र त्या हुरड्याची तारीफ चालूच राहिली, आणि आतली ती वैनी म्हणजे मीच, असं सांगत दोन शेजारणी भांडल्यासुद्धा.