अंगणातून केलेलं दार

ऋतुजाला आधी नवरा आवडला की त्याच्या घराचं दार, असं कुणी विचारलं तर ती बिनदिक्कत नवऱ्याचं नाव घ्यायची. ते खोटं होतं. मितेशनं रोह्याहून पहिला फोटो पाठवला तेव्हा तो केस नीट विंचरून, हाताची घडी घालून स्वतःच्या घरासमोर उभा होता. ऋतुजानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, मितेशला बाजूला सारलं आणि त्याच्या मागचं दार बघितलं. फुगलेला सनमायका, त्याच्यापुढे गंजकं जाळीचं दार, पायरीवर चपलांचा ढीग, एका अंगाला रिकामा सिलिंडर, दुसऱ्या अंगाला पाण्याचं पिंप आणि डोक्यावर वायरींचं जंजाळ. पाहुण्यानं आत यावं की माफी मागून परत फिरावं, काही कळायला मार्ग नव्हता. असं दार दिसलं की ऋतुजाचे हात शिवशिवायला लागत.

त्यात तिचा दोष नव्हता. पेणच्या रामवाडीत तिच्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान होतं आणि त्याच्या अर्ध्या भागात ऋतुजा फक्त दारं करायची. म्हणजे नुसती फळी नव्हे. चौकट, पायरी, ओटा, दिवा, चपला काढायची जागा, सगळं मिळून घराचं तोंड. सुरुवातीला लोक हसले. अख्खं घर सोडून नुसतं तोंड धुऊन द्यायला कोण बोलावणार हिला, म्हणाले. मग गडबच्या एका गिरणीवाल्यानं दार करून घेतलं, ते बघून त्याच्या व्याह्यानं करून घेतलं, आणि हसणारेच फोन करायला लागले.

साखरपुड्याच्या दिवशी पेढा तोंडात असतानाच तिनं होणाऱ्या सासूपाशी विषय काढला. अनिताकाकी म्हणजे ताठ आणि कमी बोलणारी बाई. तिच्यासमोर मितेशचे वडील जनूकाकासुद्धा आवाज बेतानं लावायचे.

“काकी, लग्नाआधी मी तुमचं दार नवीन करून देऊ?”

काकीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कर की. पण लग्नाआधी मुलीनं सासरचा उंबरठा ओलांडायचा नाय. आमच्यात चालत नाय. करायचं तर अंगणातून कर.”

दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. ही हुरळून गेली. आत पाऊल न टाकता दार करायचं, असं काम पेणमध्येच काय, अख्ख्या जिल्ह्यात कुणी केलं नसेल, असं तिला वाटलं आणि घरी पोचेपर्यंत तिनं वाटेतली सगळी दारं नव्यानं बघितली.

पण त्या आनंदाच्या पोटात एक भीती होती. लग्नानंतर तिच्या कामाचं काय, हे बैठकीत कुणी बोललंच नव्हतं. मितेशला विचारलं तर तो म्हणायचा, “माझं काय नाय, आई काय म्हणते ते बघू.” आणि आईला विचारायची ऋतुजाची छाती होत नव्हती, कारण एकदा ‘नाय’ म्हटलं की ते परत घेणारी ती बाई नव्हती. ऋतुजाला मितेश हवा होता आणि दारंही हवी होती. दोन्हीतलं एकही सोडायची तिची तयारी नव्हती. हे कदाचित आपलं शेवटचं दार, असं मनात येई आणि मग ती त्याच्यावर आणखी जीव ओतायची.

काम सुरू झालं आणि पहिली अडचण आली ती मापांची. बाहेरची मापं ऋतुजा घेईल, आतली कोण घेणार? दुकानातला सुतार येणार तो थेट बसवायलाच. मितेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला. जनूकाकांनी टेप धरली की ती सळकन आत जायची आणि काका दचकून ती टाकून द्यायचे. शेवटी काकीनंच पदर खोचला. ऋतुजा अंगणात, काकी आत आणि मध्ये उघडं दार.

“काकी, चौकटीपासून भिंत किती?”

“चार वीत नि चार बोटं.”

“इंचात सांगा ना.”

“ती पट्टी कापते हाताला. तू माझी वीत मोज नि कर हिशोब.” काकीनं पंजा फाकून हात उंबरठ्याबाहेर काढला, आणि ऋतुजानं अंगणात उभं राहून होणाऱ्या सासूची वीत मोजून घेतली. तो हात तिनं पहिल्यांदाच हातात घेतला होता.

तिथून पुढे ज्याला त्याला नवल वाटावं असं झालं. काकी बोलायला लागली. ऋतुजा आली की चहाचा कप उंबरठ्यावरून बाहेर यायचा आणि त्याच्याबरोबर एक एक मागणी यायची. “बाजारातून आलं की पिशव्या कुठं टेकवू गो? बसायला पायजे काय तरी.” म्हणून दाराशी बाक आला, त्याच्या पोटात चपलांची जागा आली. “येणारा मला दिसला पायजे, मी त्याला दिसले नाय पायजे.” म्हणून दाराच्या कडेला लाकडी जाळी आली. सिलिंडर आणि पिंप परसात गेले, वायरी पट्टीत शिरल्या, पायरी रुंद झाली. दाराला गडद निळा रंग म्हटल्यावर काकीनं नाक मुरडलं, पण नमुन्याची पट्टी काही परत दिली नाही. पुढच्या खेपेला ती पट्टी फ्रिजवर चिकटवलेली आहे, असं जनूकाकांनी हळूच सांगितलं.

सागाची चौकट बसली, खाली नवा उंबरठा बसला. आता दाराच्या दोन झडपा तेवढ्या राहिल्या. लग्न रविवारी. त्याच्या आदल्या शुक्रवारी ऋतुजा रामवाडीत मेंदीचे हात सांभाळत बसली होती आणि वडिलांच्या दुकानातला सुतार प्रणित झडपा लावायला रोह्याला गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

“ताई, झडप अडकली.”

झालं होतं असं. सून येणार म्हणून जनूकाकांना काहीतरी करून दाखवायची हुक्की आली होती. त्यांनी कुणाला न सांगता आतल्या जुन्या जमिनीवर चकचकीत नवी लादी बसवून घेतली. त्यानं जमीन वर आली. झडप मात्र जुन्या मापाची. ती हातभर उघडली आणि लादीला घासून थांबली. काकांनी खांदा लावून जोर केला, तर आता ती पुढे जाईना की मागे येईना. ती सोडवताना प्रणितच्या अंगठ्यात पटाशी शिरली आणि त्याच्या हाताला हे मोठं बँडेज आलं. मग काकांनी स्वतः बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले आणि एकेका स्क्रूची खाचच झिजवून टाकली. उत्साही माणसाला आवरणं कठीण असतं.

ऋतुजाची आई म्हणाली, “परवा लग्न आणि तू कुठं निघालीस?” पण तोवर ऋतुजानं स्कूटीच्या पायाशी रंधा आणि हत्यारांची पिशवी ठेवली होती. हायवेचे धक्के खात ती रोह्याला पोचली तेव्हा अंगणात मांडव उभा राहत होता. निळी झडप अर्धवट उघड्या तोंडानं अडकून बसली होती, आणि घरातली माणसं मागल्या दारानं वळसा घालून येत-जात होती. प्रणित हात उंच धरून बाकावर बसला होता.

ऋतुजानं फटीतून डोकावून बघितलं. स्क्रू सगळे आतल्या बाजूला. बाहेरून एकालाही हात पोचेना.

“काकी, कुणीतरी आतून काढायला हवेत. पण जपून. अजून एकदा स्क्रूड्रायव्हर घसरला तर चौकट फोडायला लागेल.”

“मी काढतो की,” जनूकाका म्हणाले. काकीनं त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

आत नव्या लादीवर खुर्ची टाकून काकांची मोठी बहीण कृष्णाबाई बसली होती. लग्नासाठी ती कालच गडबहून आली होती आणि आल्यापासून प्रत्येक गोष्टीत लक्ष घालत होती. “मागल्या दारानं घ्या तिला,” ती म्हणाली. “तिकडून कोण बघतंय.”

“मागल्या दारानं?” काकी म्हणाली. “चोरीचा माल हाय का आक्का?”

“मग दुसरा सुतार बघा. लग्नाआधी सून घरात शिरली म्हणतील लोक. तोंड कुठं लपवशील?”

दुसरा सुतार लग्नाच्या हंगामात कुठून मिळणार? दोन्ही झडपा उघडल्या नाहीत तर रविवारी नवरा-नवरी जोडीनं आत यायची कशी? आडवं होऊन? ऋतुजा पायरीवर उभी होती. तिचे पाय पुढे यायला तडफडत होते, आणि अट घालणारी बाई समोर उभी होती. आपणच आखलेल्या, आपणच रंगवलेल्या दारासमोर आपल्याला हात बांधून उभं राहायला लागतंय, याचं तिला रडू यायला लागलं. लग्नानंतर असंच उभं राहायचं असेल तर, हेही मनात येऊन गेलं.

काकीनं दाराकडे बघितलं. मग ऋतुजाच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत रंगलेली मेंदी आणि मुठीत धरलेला रंधा.

“आत ये,” ती म्हणाली.

“अगो अनिता, सून ती…”

“सून रविवारी येल, आक्का. आज मिस्त्री आलीय. मिस्त्रीला कोण दारात उभं करतं?”

ऋतुजानं चपला काढल्या. नवरीनं उजवा पाय आत टाकायचा असतो. तो तिनं रविवारसाठी मागे ठेवला, डावा पाय उचलला आणि अंग चोरून फटीतून आत शिरली.

“डावा टाकलान तिनं,” कृष्णाबाई म्हणाली. तिची नजर पायावरच होती. “मग हरकत नाय.”

पुढचा वेळ ऋतुजाला कसा गेला ते कळलंच नाही. तिनं बारीक पटाशीनं स्क्रूच्या झिजलेल्या डोक्यांवर नवी खाच पाडली, स्क्रूड्रायव्हर दाबून धरला आणि पहिला स्क्रू कुरकुरत फिरला तेव्हा जनूकाकांनी टाळीच वाजवली. एकेक स्क्रू निघाला. झडप काढताना एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला काकी. एकदा आत आल्यावर मिस्त्रीच्या खेपा कोण मोजतं? ती आत-बाहेर करत राहिली. झडप अंगणातल्या दोन बाकांवर आडवी पडली, प्रणित बसल्या जागेवरून सूचना देऊ लागला, ऋतुजा त्या ऐकल्यासारखं करू लागली आणि रंधा सरसरत चालला. सागाचे गुंडाळलेले पापुद्रे मांडवभर उडाले. मांडववाले काम सोडून बघत उभे राहिले. दुसरी झडपही तेवढीच तासून झाली. मेंदीवर घाम आला, नखांत भुसा गेला, आणि इतकी मजा तिला स्वतःच्या लग्नाच्या खरेदीतही आली नव्हती.

झडपा परत चढल्या. कृष्णाबाई खुर्ची सोडून दाराशी आली, खाली वाकून फटीत बोटं घालून बघितली आणि म्हणाली, “कोपऱ्यात अजून लागतंय. जरा काढ.” ऋतुजानं काढलं. मग काकीनं दोन्ही हातांनी दोन्ही झडपा ओढल्या आणि त्या आवाज न करता भिंतीपर्यंत गेल्या. सगळं अंगण, मांडव, रस्ता एकदम घरात आल्यासारखं वाटलं. वारा आला. काकी झडपा लोटायची, पुन्हा उघडायची. तिचं चार-पाच वेळा असंच चाललं होतं, आणि ताठ चेहऱ्यावरचं हसू तिला लपवता येत नव्हतं.

आता नाही तर कधीच नाही, असं ऋतुजाला वाटलं. “काकी, एक विचारू? लग्नानंतर मी हे काम…”

काकीनं तिच्याकडे बघितलंच नाही. ती कडी लावून बघत होती. “रुखवतात काय काय मांडणार हाय तुझी आई?”

ऋतुजा गोंधळली. “लाडू, करंज्या, लोकरीचं तोरण. मण्यांचा हत्ती केलाय मावशीनं.”

“हत्ती तू केलास?”

“नाही.”

“मग त्याचं काय कौतुक? रंधा मांड त्यात. मधोमध मांड. पाच गावची माणसं येतील, बघू दे त्यांना आमची सून काय करते ती.” काकीनं कडी सोडली. “आणि खांब गावात माझ्या बहिणीचं दार हाय. तिला मी तुझं नाव सांगून बसलेय. सत्यनारायण झाला की जाऊन बघून ये.”

“रुखवतात रंधा?” कृष्णाबाई म्हणाली.

“व्हय,” काकी म्हणाली.

ऋतुजाला हसू आणि रडू एकदमच आलं आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. मग तिनं हत्यारं गोळा केली, काकीच्या पाया पडली, अंगणात आली आणि चपला घालायच्या आधी आईला फोन लावला.

“आई, तो मण्यांचा हत्ती जरा बाजूला सरकव,” ती म्हणाली. “मध्ये जागा लागणार आहे.”