झील न धरलेली दुपार

आमच्या नदीकाठी माणूस गेला की नऊ दिवस अलाबाओ, मयताची गाणी, गातात. वाद्य नाही, टाळी नाही. एकीने कडवं सांगायचं, बाकीच्यांनी झील धरायची. त्या शब्दांवर पाय ठेवत जीव देवाकडे चढतो, म्हणून एकही कडवं गळता कामा नये. कडवी सांगणारी डोमितिला. माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून मी तिला कोमाद्रे म्हणते. तिच्या तोंडून मारियामातेचं नाव निघालं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

गेलं वर्षभर ती मध्येच थांबायची. सांगणारी थांबली तर झील लगेच उंच उचलायची, मयताच्या गाण्यात खंड पडू द्यायचा नाही, ही आमची शिस्त. आम्ही उचलायचो. त्या आवाजाच्या आडून मी पुढचा शब्द टाकायची. ती झेलायची आणि तिला वाटायचं, आपल्यालाच आठवला.

तिचा भाऊ एर्कुलानो गेला. नवव्या दिवशी सकाळी दवाखान्याची होडी आली. फ्लोराल्बा डॉक्टरीणबाईंनी कोमाद्रेचा रक्तदाब पाहिला, मानेवरून यंत्र फिरवलं.

"मावशी, धमन्या ताठ झाल्यात, आतून अरुंदही. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना रक्त पुरत नाहीये. गोळी रोज घेता ना?"

"डोकं ठणकलं की घेते."

"विसरायला होतं का?"

"मला? अख्ख्या नदीची मयतं तोंडपाठ आहेत मला, पोरी! विचार हिला. आणि माझ्या मानेत गाणं राहतं, तुझ्या त्या धमन्याबिमन्या नाहीत."

सोबतच्या बायका हसल्या. मी खाली बघत राहिले. गोळ्यांची पुडी तिने तिथेच बाकावर ठेवली.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गेलेलं परत येईल असं नाही. पण रोज गोळी घेतली, खारवलेली मासळी कमी केली, तर उरलेलं बरंच टिकेल. त्यांना स्वतःला पटलं पाहिजे. उद्या आम्ही निघतो."

दुपारी कोमाद्रेच्या स्वयंपाकघरात रात्रीच्या निरोपाची तयारी होती. आत जाण्याआधी मी बायकांना सांगितलं, आज ती थांबली तर कुणी झील उचलायची नाही.

"पाप लागेल गं," क्रेसेन्सिया म्हणाली.

"लागू दे मला."

कोमाद्रेने केळी सोलता सोलता रात्रीचं गाणं घोळवायला सुरुवात केली.

"दार उघड, आई मारिये, लेकरू उंबऱ्याशी आलं..."

आम्ही झील धरली. दुसरं कडवं झालं. तिसऱ्याला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चुलीवर मासळीचं पाणी खदखदत होतं. मी जीभ दातांखाली धरली होती. देवा, तो शब्द माझ्या ओठांवर होता.

"झोपलात का गं? उचला की!"

कुणी उचललं नाही. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. क्रेसेन्सिया रडू लागली, तशी कोमाद्रेच्या हातातली सुरी खाली आली.

"बेनिल्दा. कधीपासून?"

"मागच्या नाताळापासून, कोमाद्रे."

"आणि एर्कुलानोला मातीत ठेवताना?"

"तेव्हाही."

"म्हणजे माझ्या भावाला देवाकडे तुम्ही चढवलंत. आणि मी मिरवत होते." तिने अर्धं सोललेलं केळं बाजूला सारलं. मग एकदम उखडली, "मेल्यांनो, एवढ्या गोड कशाला झालात? एकीला तरी तोंड वर करून सांगता आलं नाही?"

तिने हात पुसले, शाल घेतली.

"चल. ती पोरगी आहे तोवर विचारते, कोणती गोळी कधी घ्यायची ते. तू नीट ऐक. माझ्या ध्यानात राहील न राहील."

रात्री वेदीसमोर सगळ्या जमल्या. सांगणारीचा पुढचा पाट मोकळा होता. कोमाद्रे आमच्या रांगेत, क्रेसेन्सियाला कोपराने सरकवत बसली.

"बस तिथे," ती मला म्हणाली. "हळू सांग. एर्कुलानो काही पळून जात नाही. आणि थांबलीस तर मी उचलणार नाही, आधीच सांगते."

माझा पहिला स्वर कापला. मागून तिची झील आली, भरदार, आणि त्या झिलीवर मी दुसरं कडवं ठेवलं.