शैलाबाईंची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, एक गोल फळी आणि उचलायला फळीला बांधलेली सुती दोरी, एवढंच माझं रूप. खोपोलीतल्या एका लहानशा चर्चच्या अडगळीच्या खोलीत, नाताळचा फाटका तारा आणि बिघडलेला स्पीकर यांच्यामध्ये मी पडून असते. तिवईला मेलं कसलं आलंय चरित्र, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण मित्रांनो, माझ्यावर बसून एका बाईला जे बोलायचं होतं, ते तिला पुरतं बोलता आलं नाही. ते अर्धंमुर्धं ऐकलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून बोलते.

कर्जतच्या एका सुतारानं मोडक्या दाराच्या सागवानातून मला घडवलं. मला बुटकी करून घेतली ती शैलाबाईंनी. शैलाबाई म्हणजे आमच्या चर्चच्या बायबलबाई. आजारी, म्हातारी, दुखवट्यातली माणसं असतील तिथं जायचं, त्यांच्याजवळ बसायचं, वचन वाचायचं, प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. रविवारी व्यासपीठावर पाळकसाहेब असत आणि आठवडाभर उन्हातान्हात शैलाबाई. सुताराला त्या म्हणाल्या, "आजारी माणूस खाली निजलेला असतो. त्याच्या उशाशी उभं राहून प्रार्थना केली, तर त्याला वाटतं, हे आपल्याला पुरायलाच आलेत." सुतार हसला आणि त्यानं माझे पाय आणखी वीतभर कापले. पाय तीनच ठेवले, कारण सारवलेल्या उंचसखल जमिनीवर तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. या गोष्टीचा मला अजूनही गर्व आहे.

साजगाव, कुंभिवली, ठाकुरवाडीची पायवाट, सगळीकडे मी त्यांच्या खांद्याला लटकून हिंडले. मग शैलाबाईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि चर्चच्या पंचमंडळात कुजबुज सुरू झाली, की आता फोन आहेत, गाड्या आहेत, पाळकसाहेब स्वतः जाऊ शकतात. बाईंच्या मागे ही जागा ठेवायचीच कशाला? हे कानावर आलं तशा शैलाबाई हट्टाला पेटल्या. पाळकसाहेब एका घरी किती वेळ बसणार, आणि बाळंतिणीच्या खोलीत कसे शिरणार? आपल्या मागे त्या घरांत जाणारं माणूस आपणच तयार करायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी निवडली नम्रता. कुंभिवलीची सून, नवरा स्वप्नील साजगावच्या कारखान्यात. उपासनेला ती शेवटच्या बाकावर बसायची. तिच्यात शैलाबाईंना काय दिसलं, हे चर्चमध्ये कुणालाच कळलं नाही. तिला स्वतःला तर मुळीच नाही. "मला नाय जमायचं, मावशी," ती म्हणाली. शैलाबाईंनी माझी दोरी तिच्या खांद्यावर अडकवली आणि चालू लागल्या. झाली शिकवणीला सुरुवात!

पहिले काही महिने नम्रतानं नुसतं मला उचललं आणि भिंतीला टेकून ऐकलं. वाटेत शैलाबाई तिला एकेक गोष्ट सांगत. आधी विचार, जेवलात का. देवाची मर्जी, असं आईबापाविना झालेल्या पोराला कधी म्हणू नको. प्रार्थनेत माणसाचं नाव घे, नाहीतर ती प्रार्थना पत्त्याशिवाय जाते. मग एके दिवशी कुंभिवलीत, अर्धांगानं निजून असलेल्या बायजा आजींच्या घरी, त्यांनी नम्रताला माझ्यावर बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन बसल्या. नम्रता फळीच्या अगदी कडेला अशी टेकली, की तीन पायांवर असूनही मला धीर धरावा लागला. तिनं हातातलं बायबल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी बायजा आजीच म्हणाल्या, "बोल गं पोरी, घाई करू नको. मी काय उठून पळतेय व्हय?"

नम्रता हसली आणि बोलली. साधंच बोलली. आजींच्या हाताचं, त्यांच्या कोंबड्यांचं, रात्री झोप येत नाही त्याचं. आजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून घराघरांतून निरोप यायला लागले, की नम्रताला पाठवा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

पण शैलाबाईंनी तिला आणखीही एक गोष्ट शिकवली होती. पाळकसाहेब घरात आले, की प्रार्थना असेल तिथं थांबवायची, उठायचं, पदरानं तिवई पुसायची आणि त्यांच्यापुढे सरकवायची. "वाक्य अर्धं असलं तरी?" नम्रतानं विचारलं होतं. "अर्धं असलं तरी," शैलाबाई म्हणाल्या. "आपण बायका फार दिसलो, की लोकांना आपलं काम खुपायला लागतं. न दिसता केलं, तर करू देतात." त्या स्वतः जन्मभर तशाच उठत आल्या होत्या. पाळकसाहेबांनी हे कधी मागितलं नव्हतं. आपल्यासाठी प्रार्थना अर्धी तुटते, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

पुढे चर्चच्या मंडळीची वार्षिक सभा भरली. शैलाबाईंनी आपल्या जागी नम्रताचं नाव सुचवलं. मी त्यांच्या पायाशीच होते. एक वयस्क पंच म्हणाले, "बाईंची पारख चांगलीच असणार. पण नम्रताबाईंना प्रार्थना करताना कुणी ऐकलंय का?"

ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतले काही दफनभूमीत होते, बाकीचे अंथरुणावर, आणि त्यांच्या लेकीसुना त्यांच्या उशाशी. पाळकसाहेब भला माणूस, खोटं बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "मी घरभेटीला गेलो तेव्हा या तिथं असायच्या. पण मला तरी दर वेळी गप्पच दिसल्या."

"अहो साहेब, तुम्ही येता म्हणून ती थांबते!" शैलाबाई कळवळून म्हणाल्या. लोक हसले. पाळकसाहेबही ओशाळून हसले. सगळ्यांना ती थट्टा वाटली.

"मग आत्ताच करा की एक छोटी प्रार्थना," पंच म्हणाले. "आपलीच माणसं आहेत."

नम्रता उभी राहिली. समोर पाळकसाहेब बसले होते. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ज्या माणसाला पाहिल्याबरोबर तोंड मिटायचं, हे हाडीमाशी भिनलं होतं, त्याच्यासमोर ते उघडणार कसं? ती खाली बसली. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं, आणि चहा आला.

शैलाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. पावसाळ्याआधीच त्यांनी अंथरूण धरलं. आता नम्रता मला घेऊन त्यांच्याच घरी येऊ लागली. एका दुपारी शैलाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "तुला थांबायचं शिकवलं गं मी. पुन्हा सुरू करायचं शिकवायचं राहूनच गेलं. आज माझ्यासाठी प्रार्थना कर. अख्खी कर, आमेनपर्यंत."

नम्रतानं डोळे मिटले. "हे प्रभू, या माझ्या शैलामावशी. यांनी माझ्यात जे बघितलं, ते मला अजून दिसत नाय. ते मला..."

"सलाम, शैलाबाई!" दारात पाळकसाहेब उभे होते, हातात शहाळं घेऊन.

माझ्या फळीवरचा भार त्याच क्षणी गेला. शैलाबाईंनी तिचा पदर घट्ट धरला. "बस गं, नको उठू, बस," त्या म्हणत होत्या. पण नम्रतानं तो पदर हलकेच सोडवून घेतला, त्यानंच मला पुसलं आणि पुढे सरकवलं. ते तिचं तिलाही कळलं नसावं. पाळकसाहेब बसले. त्यांनी सुंदर प्रार्थना केली, मनापासून केली. सगळे आमेन म्हणाले. शैलाबाई तेवढ्या म्हणाल्या नाहीत. त्या नम्रताकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. पंचमंडळानं बायबलबाईची जागाच बंद केली आणि मी या खोलीत आले. नम्रता साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. बायजा आजी अजून आहेत. ती तिवईवाली पोरगी येत का नाय, असं त्या सारखं विचारतात, हे मी त्यांच्या सुनेच्या तोंडून चर्चची झाडलोट चालली असताना ऐकलं. एकदा झाडू न्यायला नम्रताच या खोलीत आली. मला पाहून थबकली. फळीवरून हात फिरवला. बसली मात्र नाही.

मित्रांनो, मला उन्हात ठेवा, तेल लावा, असं मी म्हणत नाही. वाळवीनं माझा एक पाय धरलाय, आणि धरू दे. तुम्ही फक्त एवढं करा. कुठल्याही घरात, वर्गात किंवा देवळात तुम्ही शिरलात आणि तुम्हाला पाहून एखादी बाई बोलता बोलता थांबली, जागा द्यायला उठली, तर त्या जागेवर बसू नका. तिला म्हणा, "तुम्ही बसा. काय म्हणत होतात?" आणि तिचं बोलून होईपर्यंत दारातच उभे राहा. माझ्या नम्रताला हे कुणी म्हटलं नाही. "ते मला..." एवढंच माझ्यापाशी राहिलं आहे. त्यापुढचं तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.