धोंडाबाईची घागर

भिगवणला महामार्गाच्या कडेला ज्ञानू आणि ताईबाई या नवराबायकोची मासळीची खानावळ होती. धंदा बरा चालायचा, संसारही बरा चालायचा. फक्त एका घागरीचा विषय निघाला की ज्ञानूच्या घशाखाली घास उतरत नसे.

घागर तांब्याची, ताईबाईला लग्नात तिच्या आईनं, धोंडाबाईनं, दिलेली. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची रीत. धोंडाबाईनं भांड्यांच्या दुकानात समोर बसून, छिन्नीनं टिंबाटिंबांची अक्षरं पाडून घेतली होती : ‘धोंडाबाईकडून ताईस’. ताईबाईला वाचता येत नव्हतं, पण रोज घासून ती अक्षरं तिच्या बोटांना पाठ झाली होती. पुढं धरण झालं, धोंडाबाईचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं आणि मागोमाग धोंडाबाईही गेली. माहेरचं म्हणून काय उरलं, तर ती घागर.

तीही सिनेमावाल्यांनी नेली. धरणाच्या पाण्यावर शूटिंग आलं होतं आणि नायिकेच्या कमरेवर जुनी घागर हवी होती. ताईबाईनं हौसेनं दिली. पण एके दिवशी ती बाजाराला गेलेली असताना त्या मंडळींनी गाशा गुंडाळला आणि घागरीच्या बदल्यात ज्ञानूच्या हातात स्टीलची नवी कोरी बादली ठेवली. गडी खूश! जुनं गेलं, नवं आलं, आणखी काय पाहिजे? ताईबाईनं ती बादली घरात घेतली नाही. तेव्हापासून तिच्यात मासळीची घाण टाकतात.

नव्याण्णव साली बारामतीत सायबर कॅफे निघालं. त्यांची लेक करुणा तिथंच बँकेत नोकरीला होती. सिनेमातल्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर तिला काहीतरी दिसलं आणि रविवारी ती आईला बारामतीला घेऊन गेली. पडद्यावर फोटो वरून खाली इंचाइंचानं उमटत होता. आधी घागरीचा काठ आला, मग गळा, मग पोटावरची टिंबं. ताईबाई खुर्चीतून उठलीच.

“माजी घागर! पोरी, माजी घागर हाय ही!”

“आई, नक्कल आहे ती. सिनेमातल्या घागरीसारख्या बनवून विकतात. तसं लिहिलंय इथं.”

“शिकून येडी झालीस व्हय गं? नाव हाय तिच्यावर! घागरीची नक्कल करत्याल, पर नावाची कोण करंल? लग्नात शंभर घरची भांडी येक होत्यात, तवा नावावरनंच घरी जात्यात न्हवं?”

करुणानं मागणी नोंदवली. पैसे पार्सल सोडवताना पोस्टात द्यायचे होते.

पार्सल येईपर्यंत ताईबाईला दुसरं काही सुचेना. ज्या दिवशी ते येणार होतं, त्या दिवशी सकाळीच तिनं घागर घासायला चिंच भिजत घातली. करुणानं खोकं फोडलं. ताईबाईनं घागर उचलली आणि तिचा चेहरा उतरला. घागर हलकी होती. तरी तिनं चिंच घेऊन एक हात फिरवला, तर तांब्याचा रंगच हाताला आला आणि खालून पांढरा पत्रा दिसायला लागला. ताईबाई ढसाढसा रडली.

ज्ञानू दारातच घुटमळत उभा राहिला. आज आपली काही धडगत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

“बनवणाऱ्यांना ही अक्षरं आहेत हेच कळलं नसेल गं,” करुणा आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “नक्षी वाटली असेल. म्हणून प्रत्येक घागरीवर उठवलीत.”

“परत्येक म्हंजी? अशा लई केल्यात?”

“लई. दुबईला, लंडनला, अमेरिकेला गेल्यात. लोक काचेच्या कपाटात ठेवतात.”

“समद्यांवर आईचं नाव?”

“समद्यांवर.”

ताईबाईनं पदरानं डोळे पुसले. ओल्या बोटांनी टिंबं चाचपून पाहिली. एकही चुकलेलं नव्हतं.

“सात-बाऱ्यावर तिचं नाव कदी लागलं न्हाय,” ती हळूच म्हणाली. “गाव उठलं, तवा सरकारच्या यादीत बी न्हवतं.”

ज्ञानूला वाटलं, आता समजूत काढावी. “जाऊ दे. दिऊ टाकून. नकलीच हाय.”

“घागर नकली आसंल,” ताईबाई म्हणाली. “नाव आईचंच हाय.”

तिनं घागर नीट पुसली आणि खानावळीच्या दर्शनी फळीवर, नाव रस्त्याकडं येईल अशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरकडं निघालेलं एक गिऱ्हाईक जेवता जेवता थांबलं. “काका, ही त्या सिनेमातली घागर ना?”

ताईबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, पण त्याआधीच ज्ञानू बोलला.

“न्हाय वो. आमच्या सासूबाईंची हाय. धोंडाबाई. वाचा की, लिवलंय.”

त्या दुपारी ताईबाईनं मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा ज्ञानूच्या ताटात वाढला. बऱ्याच वर्षांनी तो पोटभर जेवला.