एकुलत्या एका लेकाची आई

नगरच्या सरकारी दवाखान्यात करण कावीळ होऊन मेला, तो रविवार होता. दुपारी पोलिसाचा फोन आला तेव्हा त्याची आई रंगुबाई काष्टीत आपल्या ओट्यावर शेपूच्या जुड्या बांधत बसली होती. प्रेत ताब्यात घ्यायला कोण येणार, असं पोलिसानं विचारलं. आपलं कुणी नाही, असं सांगून तिनं फोन ठेवला आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

करण तिचा एकुलता एक. दोन वर्षांमागं दारूच्या नशेत त्यानं बायकोला, रोहिणीला, गळा दाबून मारलं होतं. पोलिसांना बोलावलं ते रंगुबाईनंच, जबाबही तिनंच दिला. खटला अजून उभा राहायचा होता आणि करण तुरुंगात होता. भेटायला ये म्हणून त्याचे निरोप यायचे. ती एकदाही गेली नाही.

संध्याकाळी सवयीनं ती विहारात गेली. एसटीतून निवृत्त झालेला छगन कंडक्टर दर रविवारी वंदना घ्यायचा. आधी पालीतून म्हणायचा, मग मराठीत अर्थ सांगायचा. त्या दिवशी मैत्रीचं सूत्र होतं. आई एकुलत्या एका लेकराला स्वतःचा जीव घालून राखते, तशी माया साऱ्या जिवांवर करावी, असं छगन सांगत होता. दुबळा असो, दांडगा असो, दिसणारा, न दिसणारा, कुणालाही त्यातून वगळू नये. रंगुबाईनं हे कितीदा ऐकलं होतं. आज मात्र बाया उठून घरी गेल्या तरी ती जागची हलली नाही.

छगन जवळ येऊन बसला. तिनं फोनचं सांगितलं. तो म्हणाला, "रंगूआक्का, तथागतांनी कुनालाच भाईर ठिवलं न्हाई. मानसं मारनाऱ्यालाबी जवळ घेतलं. करनबी त्यातच आला."

"त्याचं इचारत न्हाई मी. आईच्या मायेनं साऱ्या जगाकडं बघा म्हनत्यात. आन् आईपाशीच ती नसंल तर? माझ्यापाशी न्हाई, छगनदादा. लई धुंडाळलं मी आत."

सकाळी गाडी करून जाऊ, प्रेत आणू, एवढंच छगन म्हणाला. तिनं नकार दिला. रोहिणीच्या आईला, कडूबाईला, विचारल्याशिवाय त्या देहाला हात लावायचा आपल्याला हक्क नाही, असं तिनं त्याला सांगितलं. खरं तर कडूबाईनं आपल्याला दारातूनच हाकलावं, म्हणजे सगळं एकदाचं संपेल, अशी तिची आशा होती.

सकाळच्या गाडीनं ती नगरला आणि तिथून सोनईला कडूबाईच्या घरी पोचली. कडूबाई अंगणात कांदा निवडत होती. विहिणीला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. रंगुबाईनं उन्हात उभ्या उभ्याच करण मेल्याचं सांगितलं.

"मंग? मी रडू व्हय?"

"न्हाई, ईनबाई. बेवारस म्हनून जाळतील त्याला. तसंच जाऊ द्यावं का, तुमी सांगा."

कडूबाईनं हातातला सडका कांदा बाजूला टाकला. "माझ्याकडून त्याला माफी न्हाई. मेला तरी न्हाई." थोड्या वेळानं ती खाली बघतच बोलली, "माझी लेक दवाखान्यातून आनली तवा मला पोचायला उशीर झाल्ता. तू तिला आंगूळ घातली हुती, केस इचरले हुते. ती माया हुती का, का नुसतं करायचं म्हनून केलं?"

रंगुबाईनं आठवून पाहिलं. "ठावं न्हाई. हात चालत हुते."

"मंग जा, त्याचंबी तसंच कर," कडूबाई म्हणाली आणि दुसरा कांदा उचलला.

सोनईहून तिनं छगनला फोन केला होता; नगरला दवाखान्याच्या दारात तो गाडी घेऊन थांबला होता. आत रंगुबाईनं कागदावर अंगठा उठवला. चादर सरकवल्यावर पिवळा, वाळलेला एक माणूस दिसला. त्यात आपला पोरगा तिला सापडेना. पोटातून काहीतरी उसळून येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली, पण आत सगळं कोरडंच होतं. मग तिनं पाणी मागून घेतलं, आपला पदर भिजवला आणि त्याचं तोंड पुसलं, कानामागं पुसलं, बोटांच्या बेचक्यांत पुसलं.

दौंड रस्त्याला लागल्यावर गाडी खड्ड्यांत आदळायला लागली. प्रत्येक हादऱ्याला करणचं डोकं पत्र्यावर आपटत होतं. रंगुबाई खाली बसली, त्याच्या मानेखाली तिनं हात घातला आणि डोकं तळव्यात धरलं. छगन म्हणाला की उशाला चादर लावू, तुमचा हात भरून येईल. तिनं नको म्हणून मान हलवली.

हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. काष्टीची वेस आली तरी तिनं तो काढला नव्हता.