श्यामलाचा उजवा पाय

"बौदी, गाड़ी नाचता है," पालितबाबू म्हणाले आणि त्यांनी हँडब्रेकवर हात ठेवला.

नाचत होतीच. बेहालातल्या त्या मागच्या रस्त्यावर, सकाळी अकरा वाजता, मासेवाला गिऱ्हाईक सोडून बघत उभा राहिला होता. गाडी पुढे उसळायची, दचकल्यासारखी थबकायची, परत उसळायची. श्यामला घामाघूम झाली होती. प्रत्येक वहिनीला बौदी म्हणत पालितबाबूंनी अर्ध्या बेहालाला गाडी शिकवली होती, पण हा प्रकार त्यांना नवा होता. ते वाकून तिच्या पायाकडे बघू लागले. चवडा खाली, टाच खाली, चवडा खाली, टाच खाली.

"ये पैर क्या कोरता है?"

तिच्या तेव्हाच लक्षात आलं. पायमशीन. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ती पायमशीन चालवत होती, स्वतःचे नि शेजारणींचे मिळून शेकडो ब्लाउज शिवले होते. पायाखाली काही आलं की पाय आपला पायडल मारायला लागायचा.

"सिलाई मशीन," ती ओशाळून म्हणाली.

पालितबाबू हसले नाहीत. शिकेन तर याच माणसाकडे, असं तिनं तिथंच ठरवलं.

"एड़ी उठेगा नहीं," ते म्हणाले. टाच जमिनीला टेकवायची आणि ती आपली आहे हे विसरायचं. "और गाड़ी जितना मांगता है, उससे थोड़ा कम दो."

हे शिकणं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात म्हणजे नवऱ्याला, विनायकला, कारण मुलगी नूपुर बंगळूरला असायची. विनायक सरकारी कंपनीत मोठा अधिकारी. गार्डन रीचच्या कचेरीत रोज ऑफिसच्या गाडीनं जायचा. चार महिन्यांपूर्वी त्याची मान धरली, गळ्यात पट्टा आला, आणि डॉक्टरांनी बजावलं, एक धक्का बसता कामा नये, गाडी चालवायची तर नाहीच. घरची गाडी इमारतीखाली धूळ खात पडली. बिनक्लचची, चांगली, नवी. श्यामलानं किल्ली उचलली.

आणि का उचलली ते सांगते, नाहीतर बाई हौसेनं शिकत होती असं वाटायचं. हौस नव्हती हो. राग होता, बावीस वर्षांचा.

बावीस वर्षांपूर्वी, विशाखापट्टणच्या कॉलनीत, विनायकनं तिला शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या पायानं पायडल मारलं आणि गाडी उड्या मारत थेट मोठ्या साहेबांच्या फाटकाशी गेली. साहेब, साहेबीण, त्यांचे पाहुणे व्हरांड्यात चहा पीत बसलेले. विनायक त्या सगळ्यांसमोर म्हणाला, "उतर." ती उतरली. तो गाडी घेऊन निघून गेला. ती चालत घरी आली, एका चपलेचा अंगठा तुटलेला, तशीच.

तेही ती विसरली असती. पण त्या संध्याकाळी विनायकनं त्याची गोष्ट केली. मग प्रत्येक बदलीच्या गावी, प्रत्येक हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांपुढे, गणपतीत, मुंजीत, तीच गोष्ट. खुर्चीवर बसायचं, मान पुढे फेकायची, मागे फेकायची, डोळे फिरवायचे आणि शेवटी म्हणायचं, "आमची ही गाडी चालवत नव्हती, रस्ता शिवत होती." लोक हसून हसून बेजार. तीही हसायची. हसताना तिचा जबडा दुखायचा. विनायकची मान धरली तेव्हा तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, सांगू? बरं झालं, असं वाटलं. मग तिनं वेलदोडा घालून चहा केला आणि त्याला नेऊन दिला.

तीन महिन्यांत पाय सुधारला. लायसन्स आलं. ते तिनं डाळीच्या डब्यामागं ठेवलं.

रविवारी मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं. विनायक झब्बा घालून, पट्टा बांधून तयार. टॅक्सीवाल्यानं आयत्या वेळी नाही म्हणून सांगितलं. श्यामलानं किल्ली घेतली.

"चला."

"तू? अगं, माझी मान आहे ही."

तिनं लायसन्स दाखवलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, खोटं असावं तसं. मग बसला.

डायमंड हार्बर रोडला, मेट्रोच्या खांबांखाली, रविवारचीही गर्दी होती. बस अंगावर येत होत्या, रिक्षा मध्येच घुसत होत्या. श्यामलाची टाच जागची हलली नाही. हॉल आला तेव्हा विनायकनं एकदाही आई गं म्हटलं नव्हतं. ती वाट बघत होती. फार नाही, एक वाक्य बोलला असता तरी तिनं बावीस वर्षं सोडून दिली असती, देवाशप्पथ.

"ऑटोमॅटिक आहे म्हणून," उतरताना तो म्हणाला. "गाडीच चालवते सगळं."

हॉलमध्ये मंडळाच्या चिटणीस मधुवंतीताई तिला बिलगल्या. "वहिनी, तुम्ही आणलीत गाडी? बेहालाहून?"

तिनं तोंड उघडायच्या आत विनायक म्हणाला, "अहो, ही गाडी कशी चालवते ते तुम्हाला माहीत नाही का?" आणि खुर्ची ओढली. पट्ट्यामुळे मान हलेना. पण गडी थांबतोय कसला. त्यानं मधुवंतीताईंचा नवरा अजेय याला समोर बसवला. "मी सांगतो, तू मान हलव." विनायक सांगत गेला, बँकेतला तो भला माणूस मान फेकत गेला. रस्ता शिवत होती, म्हणताच हॉलभर हशा. श्यामला श्रीखंड वाढत होती. तिनं अजेयच्या पानात वाढलं, विनायकच्या पानात दोनदा वाढलं. त्याला आवडायचं.

तीन वाजता ते निघाले. तारातळ्यापाशी तिनं गाडी वळवली. गोदामांचा लांबच लांब रस्ता, रविवारी चिटपाखरू नाही.

"इकडून कुठे?"

तिनं टाच उचलली.

चवडा, टाच, चवडा, टाच. गाडी उसळली. विनायकचं डोकं मागे गेलं, पुढे आलं.

"काय करतेयस?"

"शिवतेय."

वेग फार नव्हता, सायकलवाल्यानं मागे टाकलं असतं इतकाच. पण धक्का चोख बसत होता, मापात, एकामागून एक. तिच्या पायाला ते तीन महिन्यांत विसरायला लावलं होतं, आणि पायाला सगळं आठवत होतं. विनायकनं दोन्ही हातांनी गळ्यातला पट्टा धरला. त्याच्या तोंडून बारीक आवाज येऊ लागला.

"श्यामला. पाया पडतो. थांब."

गोदामांची भिंत संपेपर्यंत ती थांबली नाही. मग ब्रेक दाबला. तिला फार, फार बरं वाटत होतं. एकच शब्द राहिला होता, तोही तिनं म्हटला.

"उतरा."

तिला वाटलं होतं, तो ओरडेल. त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. एक पाय रस्त्यावर ठेवला, पट्टा धरूनच, आणि दुसरा उचलायला लागला.

"बसा," ती घाईघाईनं म्हणाली. "बसा आत. दार लावून घ्या."

टाच टेकवून तिनं गाडी घरी आणली. मानेला इजा झाली नव्हती, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून सांगितलं. गाडीला खड्डा लागला असं विनायकनंच त्यांना सांगितलं. त्यानंतर त्यानं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. मंडळात कुणी आठवण काढली तर तो पाणी प्यायला उठायचा.

बालीगंजला मानेचे व्यायाम करून घ्यायला मंगळवार-शुक्रवार जावं लागे. पहिल्या मंगळवारी तो मागच्या सीटवर बसायला गेला.

"पुढे बसा," ती म्हणाली. "मी काही ड्रायव्हर नाही."

तो पुढे आला. दोन्ही हात पट्ट्यावर ठेवून त्यानं डोळे मिटले. श्यामलानं गाडी काढली ती इतकी अलगद, की पालितबाबूंनी पाहिलं असतं तर टोपी काढली असती. पूल चढली, उतरली, सिग्नलला थांबली, निघाली. त्या दिवशी तिनं जन्मात चालवली नव्हती अशी गाडी चालवली. कुणासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. व्यायामाच्या दवाखान्यासमोर तिनं गाडी उभी केली. विनायक तसाच बसून होता, डोळे मिटून, पट्टा घट्ट धरून.



"पोचायला किती आहे?" त्यानं विचारलं.

"पोचलो," ती म्हणाली. "मघाशीच."

त्यानं डोळे उघडले. बाहेर बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं नाही. आधी खाली, तिच्या उजव्या पायाकडे बघितलं, आणि मगच हात सोडले.